अम्मींच्या खाटेपर्यंत रेंज

जुम्म्याच्या दिवशी दुपारचे साडेतीन वाजले की आमच्या घरात धावपळ सुरू व्हायची. कुवेतमध्ये तेव्हा एक वाजलेला असतो. तिथे शुक्रवारची सुट्टी. जुम्म्याची नमाज आटोपून माझे पती खोलीवर परततात आणि घरी व्हिडिओ कॉल लावतात. फोन घेऊन मी पुढे, मुले मागे, आणि सगळी वरात जिन्याने गच्चीवर. कारण रेंज फक्त गच्चीवर, तीही पूर्वेकडच्या एका कोपऱ्यात. मे महिन्यात डोक्यावर ऊन, जुलैत एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात फोन.

माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे अम्मी म्हणतो, खाली माजघरात खाटेवर बसलेल्या असायच्या. त्यांचे गुडघे गेले आहेत, जिना चढणे त्यांना शक्य नाही. आम्ही खाली आलो की त्या विचारायच्या, "काय म्हणाला? जेवला का? खोकला गेला का?" मग आम्ही सांगायचो. कधी त्यांचा आवाज फोनमध्ये भरून घ्यायचा, वर जाऊन पाठवायचा, आणि उत्तर आले की खाली आणून ऐकवायचे. असे तीन वर्षे चालले. मागच्या ईदला त्या म्हणाल्या, "तुम्ही मला त्याच्या बातम्या सांगता. मला त्याच्याशी बोलायचं आहे."

त्या दिवशी मला शरम वाटली. गावात वीज आहे, घरात टीव्ही आहे, दोन वर्षांपासून फायबरचे इंटरनेटसुद्धा आहे. तरीही आईला मुलाचा चेहरा दिसत नाही. आणि आम्ही "आमच्या घरात रेंजच येत नाही" असे म्हणून तो नशिबाचा भाग मानून बसलो होतो.

मी शाळेत भाषा शिकवते, विज्ञान नाही. पण शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना विचारून, दोन-चार गोष्टी वाचून आणि चुकत-माकत करून पाहून जे समजले ते इथे लिहिते आहे. कोकणात, मराठवाड्यात, मुंब्रा-भिवंडीच्या दाटीच्या इमारतींत, जिथे जिथे घरातले माणूस दूर कमावते आहे, तिथे कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आधी मोजा

फोनच्या वरच्या कोपऱ्यातल्या दांड्यांवर विश्वास ठेवू नका. किती रेंजला किती दांड्या दाखवायच्या, हे प्रत्येक फोन कंपनी आपापल्या मर्जीने ठरवते. एका फोनवर तीन दांड्या आणि दुसऱ्यावर एक, असे असूनही दोन्हीकडे रेंज सारखीच असू शकते.

खरा आकडा फोनच्या आत असतो. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज उघडून "अबाउट फोन" आणि त्यात "सिम स्टेटस" पाहा. तिथे "सिग्नल स्ट्रेंथ" या नावापुढे उणे चिन्हाचा आकडा आणि डीबीएम असे लिहिलेले असते. आयफोनवर *३००१#१२३४५#* हा क्रमांक फिरवला की मोजणीचे पान उघडते. आकडा उणे असल्यामुळे लहान आकडा चांगला, मोठा वाईट. फोर-जीसाठी ढोबळ हिशेब असा: उणे ९० किंवा त्याहून कमी असेल तर उत्तम, उणे १०० च्या आसपास चालेल, उणे ११० ला कॉल अडखळणार, आणि उणे १२० म्हणजे जवळजवळ काहीच नाही.

हा आकडा साध्या बेरीज-वजाबाकीने वाढत नाही. दहा अंकांचा फरक म्हणजे दहापट फरक, वीस अंकांचा म्हणजे शंभरपट. आमच्या गच्चीवर आकडा उणे ९४ होता आणि अम्मींच्या खाटेवर उणे ११८. चोवीस अंकांचा फरक, म्हणजे सुमारे अडीचशे पट. एका जिन्याच्या अंतरात एवढी घट! टॉवर तर तेवढ्याच अंतरावर होता. मग मधे कोण खात होते?

एका रविवारी मुलीने वहीच्या पानावर घराचा नकाशा काढला. पडवी, पुढची खोली, माजघर, स्वयंपाकघर, मागचे दार. प्रत्येक ठिकाणी एक मिनिट थांबून आकडा लिहिला. हे काम मुलांना द्या, ती आनंदाने करतात. अर्ध्या तासात आमच्या हातात घराचे खरे चित्र आले. तेवढ्यात घरातल्या घरातच दोन जागा सापडल्या, जिथे आकडा उणे १०३ होता. एक मागच्या दाराशी आणि दुसरी स्वयंपाकघराच्या खिडकीत. गच्चीवर जायची गरज साध्या कॉलसाठी तरी त्या दिवशीच संपली.

भिंत, पत्रा आणि पाणी

मोबाइलच्या लहरी उजेडाच्याच जातीच्या असतात. काचेतून, पातळ लाकडातून, कौलांतून त्या बऱ्यापैकी आत येतात. जाड भिंतीत थकतात. लोखंडापुढे तर त्यांचे काहीच चालत नाही, त्या परत फिरतात. आमचे जुने घर चिऱ्याचे. भिंती हातभर जाड. पावसासाठी गच्चीवर पत्र्याची शेड, खिडकीवर पत्र्याचे छज्जे, आणि माजघराच्या भिंतीला टेकवलेले दोन दारांचे लोखंडी कपाट. स्लॅबमध्ये सळ्या. म्हणजे आम्ही आमच्या हातांनी अम्मींभोवती लोखंडाची पेटी बांधली होती.

पाणीही या लहरी शोषून घेते. म्हणून भरलेल्या टाकीच्या आड उभे राहून बोलू नये. आरशाच्या मागे चकाकीचा धातूचा थर असतो, तोही अडवतो. आपले शरीरही मुख्यतः पाण्याचेच, त्यामुळे टॉवरकडे पाठ करून बोलण्यापेक्षा तोंड केलेले बरे.

लहरींच्याही जाती आहेत. ७००, ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूर जातात आणि भिंतीतून आत शिरतात. १८०० किंवा २३०० च्या लहरी जास्त माहिती वाहतात पण भिंतीपुढे लवकर हरतात. फाइव्ह-जीचा ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा त्याहून नाजूक. म्हणून कधी कधी घरात फोन फाइव्ह-जी पकडतो, सोडतो, परत पकडतो, आणि या ओढाताणीत कॉल तुटतो. अशा वेळी सेटिंग्जमध्ये जाऊन फोन फक्त फोर-जीवर ठेवून पाहा. आमच्या शेजारच्या घरात एवढ्यानेच काम झाले.

दोन लहान गोष्टीही तपासा. सिम फार जुने असेल, थ्री-जीच्या काळातले, तर ते बदलून घ्यावे लागते. आणि फोनला धातूचे किंवा लोहचुंबक बसवलेले कव्हर असेल तर ते काढून पाहा.

रेंज कमी असली की फोनची बॅटरी लवकर संपते आणि फोन तापतो, हे तुम्ही पाहिले असेल. दूरच्या टॉवरपर्यंत आवाज पोचवायला फोनला ओरडावे लागते, त्याचाच हा परिणाम. चांगली रेंज मिळाली की फोन हळू आवाजात बोलतो आणि बॅटरी वाचते.

रेंज की गर्दी?

काही घरांत आकडा चांगला असतो, तरी इशाच्या नमाजनंतर व्हिडिओ अडकतो. हा दोष रेंजचा नव्हे, गर्दीचा. रस्ता चांगला आहे, पण सगळ्या गाड्या एकाच वेळी निघाल्या आहेत. अशा वेळी घरात काहीही हलवून उपयोग नाही. हे ओळखायची रीत सोपी: सकाळी फजरनंतर वेग मोजा आणि रात्री नऊला परत मोजा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे, "मायस्पीड" नावाचे मोफत अॅप त्यासाठी आहे. पहाटे वेग भरपूर आणि रात्री नाममात्र असेल तर टॉवरवर गर्दी आहे. कॉलची वेळ बदलणे किंवा दुसऱ्या कंपनीचे सिम घेणे, हे दोनच उपाय. व्हिडिओ कॉलला फार मोठा वेग लागत नाही. अखंड मिळणारे एक-दोन एमबीपीएस पुरतात. त्यामुळे "शंभर एमबीपीएसचा प्लॅन घ्या" म्हणणाऱ्याचे ऐकण्याआधी तुमची अडचण वेगाची आहे की पोचण्याची, हे पाहा. आमची अडचण पोचण्याची होती.

वायफायचा डबा कुठे ठेवावा

आमच्या घरी फायबर आले तेव्हा जोडणी करणाऱ्या मुलाने विचारले, "डबा कुठे लावू?" आम्ही म्हणालो, "टीव्हीच्या मागे, दिसणार नाही असा." त्याने लावला. त्याचे काम झाले, आमचा त्रास सुरू झाला. वायफाय पुढच्या खोलीत जोरात आणि माजघरात मेलेले. आम्ही समजलो, गावाकडचे इंटरनेट असेच असते.

राउटर हा दिव्यासारखा समजावा. दिवा आपण टीव्हीच्या मागे लावतो का? कपाटात ठेवतो का? राउटर घराच्या मध्याजवळ, छातीपेक्षा उंच, उघड्यावर ठेवावा. त्याच्या शेजारी फ्रिज, लोखंडी कपाट, माशांची काचपेटी नको. त्याला दांड्या असतील तर एका मजल्याच्या घरात त्या सरळ उभ्या ठेवा. आडव्या-तिरक्या करण्याचा फायदा वरच्या मजल्यावर पोचवायचे असेल तरच.

बहुतेक राउटर दोन पट्ट्यांत बोलतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा हळू पण दूर जाणारा आणि ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान पण जवळच विझणारा. आमच्यासारख्या जाड भिंतींच्या घरात लांबच्या खोलीला २.४ चा पट्टा वापरावा. मुंब्रा, भिवंडी, मालेगावसारख्या दाट वस्तीत उलट अडचण होते. एका मजल्यावर दहा राउटर आणि सगळे २.४ मध्ये एकमेकांवर ओरडत असतात. तिथे जवळच्या खोलीत ५ चा पट्टा चांगला, कारण शेजाऱ्याच्या लहरी भिंतीपलीकडेच राहतात. २.४ वापरायचाच असेल तर त्यातले १, ६ आणि ११ हे तीन मार्ग एकमेकांत मिसळत नाहीत. वायफाय अॅनालायझरच्या अॅपमध्ये कोणता मोकळा आहे ते दिसते, तो निवडावा. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो. इफ्तारच्या वेळी समोसे गरम करताना कॉल अडखळत असेल तर कारण तिथे शोधा.

आम्ही राउटर टीव्हीमागून काढून दाराच्या वरच्या फळीवर ठेवला. अम्मींच्या खाटेवर वायफायचा आकडा उणे ८२ वरून उणे ७४ झाला. खर्च शून्य. आवाज पोचू लागला, पण चित्र अजून थिजत होते. वायफायसाठी उणे ६५ च्या आत आकडा असला की व्हिडिओ नीट चालतो. अजून एक जाड भिंत ओलांडायची होती.

फायबरची तार हलवताना एक काळजी घ्या. तिच्या आत काचेचा केसासारखा धागा असतो आणि त्यातून उजेड धावतो. ती दुमडली तर उजेड गळतो. मनगटातल्या बांगडीपेक्षा लहान वळण तिला देऊ नका. डब्यावर लाल दिवा लुकलुकत असेल तर उजेड पोचत नाही, तेव्हा कंपनीच्याच माणसाला बोलवावे.

तार ओढण्यात कमीपणा नाही

भिंत हटत नसेल तर भिंतीला भोक पाडून तार पलीकडे न्यावी, हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात भरवशाचा उपाय. बाजारात वायफाय रिपीटर मिळतात, प्लगमध्ये खोचले की झाले. पण रिपीटर जे ऐकतो तेच पुढे सांगतो. ज्या खोलीत काहीच पोचत नाही तिथे त्याला लावले तर तो काय सांगणार? तो अर्ध्या वाटेवर लावावा लागतो, जिथे रेंज अजून बरी आहे. शिवाय साधा रिपीटर ऐकणे आणि सांगणे ही दोन्ही कामे एकाच पट्ट्यावर करतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. महागडे मेश संच हे काम जास्त हुशारीने करतात, पण हातभर जाड चिऱ्यापुढे त्यांचीही परीक्षा असते.

आमच्याकडे जुन्या जोडणीचा एक राउटर माळ्यावर पडून होता. तोच कामी आला. विजेच्या कामाच्या दुकानातून लॅन केबल आणली. ही तार १०० मीटरपर्यंत वेग न गमावता माहिती नेते, आम्हाला १५ मीटर पुरली. ती छपराखालून, घराच्या आतूनच नेली. गच्चीवरून किंवा अंगणातून तांब्याची तार नेऊ नये, विजा चमकतात तेव्हा धोका असतो.

जुन्या राउटरच्या सेटिंगमध्ये "अॅक्सेस पॉइंट मोड" असेल तर तो निवडला की काम झाले. नसेल तर तीन गोष्टी करायच्या. त्याचा पत्ता बदलायचा, मुख्य राउटर १९२.१६८.१.१ वर असेल तर याला १९२.१६८.१.२ द्यायचा. त्यातला डीएचसीपी बंद करायचा, नाहीतर दोन्ही राउटर घरातल्या फोनांना पत्ते वाटू लागतात आणि गोंधळ होतो. आणि तार वेगळ्या रंगाच्या खाचेत न घालता लॅनच्या खाचेत घालायची. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवले की फोन स्वतःहून जवळचा राउटर धरतो. मला हे करायला दोन संध्याकाळी लागल्या. पहिल्या संध्याकाळी मी तार चुकीच्या खाचेत घातली होती.

दुसऱ्या संध्याकाळी खाटेवरचा आकडा उणे ४८ झाला.

साधा कॉलही वायफायवरून

ही सोय अजून बऱ्याच घरांना माहीत नाही. घरात मोबाइलची रेंज नसेल पण वायफाय चांगले असेल तर साधा फोन कॉल वायफायवरून येऊ-जाऊ शकतो. त्यासाठी वेगळे अॅप लागत नाही, समोरच्याला तुमचा नेहमीचाच नंबर दिसतो. एअरटेलने ही सोय डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये सुरू केली. फोनच्या सेटिंग्जमध्ये सिमच्या भागात "वायफाय कॉलिंग" नावाची कळ असते, ती चालू करायची. दवाखान्याचा फोन, बँकेचा फोन, शाळेचा फोन, सगळे माजघरात बसून घेता येतात.

याचा आणखी एक फायदा मी बायकांशी बोलताना जाणला. आमच्या मोहल्ल्यातल्या एक भाभी नवऱ्याशी बोलायला रोज मशिदीच्या वळणावर जाऊन उभ्या राहायच्या. घरातली अडचण, पैशांची तंगी, मुलीच्या स्थळाची गोष्ट, सगळे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कानावर. त्या हळूहळू कमी बोलू लागल्या. "सगळं ठीक आहे" एवढेच सांगून फोन ठेवायच्या. नवऱ्याला वाटायचे, बायको तुटक बोलते. घरातली गोष्ट घरातच बोलता येणे हा चैनीचा विषय नाही. कित्येक संसारांतला दुरावा त्यावर अवलंबून असतो.

बूस्टरचा मोह

या सगळ्याच्या आधी आमचे एक नातेवाईक म्हणाले होते, "एवढी खटपट कशाला? मुंबईहून बूस्टर आणून देतो. गच्चीवर अँटेना, खाली डबा, पाच दांड्या." मी जवळजवळ हो म्हणाले होते. विज्ञानाच्या सरांनी थांबवले.

मोबाइलचा बूस्टर बाहेरचा सिग्नल पकडून मोठा करून घरात सोडतो, आणि घरातला फोन मोठा करून टॉवरकडे पाठवतो. माइक लाउडस्पीकरसमोर आला की कशी कर्कश शिट्टी वाजते, ते आपण जलशात ऐकले आहे. बूस्टरची बाहेरची आणि आतली अँटेना एकमेकींना ऐकू लागली की तशीच शिट्टी वाजते, फक्त ती आपल्या कानाला ऐकू येत नाही. ती टॉवरला ऐकू येते. मग टॉवरला त्या परिसरातल्या बाकीच्या फोनांचे बोलणे नीट समजत नाही. आपल्या घरात पाच दांड्या आणि शेजाऱ्यांचे कॉल तुटतात. त्यात एखादा अॅम्ब्युलन्सला लावलेला फोनही असू शकतो.

म्हणूनच कायदा याला परवानगी देत नाही. परवानाधारक मोबाइल कंपन्यांखेरीज कोणीही असा बूस्टर बाळगणे, विकणे किंवा वापरणे बेकायदा आहे, हे दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये जाहीर सूचना काढून स्पष्ट केले आहे. दुकानात मिळतो म्हणून तो कायदेशीर ठरत नाही. वायफायचा रिपीटर मात्र वेगळी वस्तू आहे. वायफायच्या लहरींना परवाना लागत नाही, तो वापरायला हरकत नाही.

शेजाऱ्याचा हक्क आपल्याकडे किती मोठा मानला आहे, हे मी वेगळे सांगायला नको. आपल्या दिव्यासाठी त्याच्या घरात अंधार करायचा नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. उलट आपल्याकडचे वायफाय त्याच्या उपयोगी पडू शकते. २०२० च्या टाळेबंदीत माझ्या वर्गातली मुले डोंगरावर बसून धडे उतरवून घेत होती, ते मी पाहिले आहे. शेजारच्या मुलीला परीक्षेचा किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असेल तर राउटरमधले "गेस्ट नेटवर्क" चालू करून वेगळा पासवर्ड द्या. आपला मुख्य पासवर्ड मात्र एक ते आठ आकड्यांचा ठेवून गावभर वाटू नका. आपल्या जोडणीवरून कोणी गैरकाम केले तर पहिली विचारणा आपल्याच दारात येते.

कंपनीकडे काय मागावे

घराच्या अंगणातही आकडा उणे ११५ च्या पलीकडे असेल तर दोष घराचा नाही. तेव्हा मोजलेले आकडे घेऊनच तक्रार करा. १९८ हा तक्रारीचा मोफत क्रमांक आहे. तक्रारीचा नोंद क्रमांक अवश्य लिहून घ्या. उत्तर पटले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे विनामूल्य दाद मागता येते. "रेंज येत नाही" या वाक्यापेक्षा "पाच घरांत, तीन वेळा मोजून, उणे ११७" या वाक्याला जास्त वजन असते. मोहल्ल्यातल्या पाच-दहा घरांनी मिळून अर्ज केला तर आणखी चांगले.

कंपनी बदलायची असेल तर घाई नको. आधी त्या कंपनीचा फोन असलेल्या पाहुण्याला घरात बसवा आणि जिथे गरज आहे त्याच जागेवर, सकाळ-संध्याकाळ आकडा पाहा. कोणत्या भागात कोणाचे जाळे आहे याचे नकाशे कंपन्यांना आता आपल्या संकेतस्थळावर द्यावे लागतात, तेही पाहून घ्या. नकाशा अंगणापर्यंतचे सांगतो, माजघराचे आपणच मोजायचे. खात्री झाली की इंग्रजीत पोर्ट हा शब्द, मग मोकळी जागा आणि आपला नंबर, असा संदेश १९०० वर पाठवला की नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते.

पावसाळ्याची तयारी

"पाऊस आला की रेंज जाते," हे आपण ऐकतो. खरे तर मोबाइलच्या लहरींना पावसाचे थेंब फारसे अडवत नाहीत. ओली, दाट झाडे मात्र अडवतात. शिवाय टॉवरची वीज जाते, किंवा दोन टॉवरांना जोडणारा वरच्या पट्ट्यातला दुवा मुसळधार पावसात कमजोर होतो. त्यावर आपला इलाज नाही. आपल्या हातात आहे ते घरातल्या विजेचे. फायबरच्या डब्याला आणि राउटरला लागणारी वीज थोडी असते. त्यांच्यासाठी लहान मिनी यूपीएस मिळतो. घेताना राउटरच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या. वीज गेली तरी फायबर बऱ्याचदा चालू राहते, बंद पडतो तो आपला डबा. आणि विजा कडाडू लागल्या की सगळे प्लग काढून ठेवा.

कोणत्याही उपायावर पैसे खर्च करण्याआधी ही उतरंड लक्षात ठेवा. आधी मोजा. मग वस्तू हलवा. मग तार ओढा. मग कंपनीला विचारा. विकत घेण्याची वेळ सगळ्यात शेवटी येऊ द्या. आमचा सगळा खर्च १५ मीटर तार आणि एक मिनी यूपीएस, एवढाच झाला. लोखंडी कपाटही आम्ही दुसऱ्या भिंतीला सरकवले, ते काम मुलांनी केले.

नंतरच्या जुम्म्याला साडेतीनच्या आधीच अम्मी नवा दुपट्टा घेऊन खाटेवर बसल्या होत्या. कॉल आला. मी फोन त्यांच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात गेले. आधी बराच वेळ कोणीच बोलले नाही, म्हणून मला वाटले कॉल तुटला. डोकावून पाहिले तर चित्र स्वच्छ होते. दोघे नुसते एकमेकांना पाहत होते. मग अम्मी म्हणाल्या, "केस किती पांढरे झाले रे तुझे. मला कोणी सांगितलं नाही."

त्या दिवशी असरची अजान झाली तरी त्यांचे बोलणे चालूच होते. अल्हम्दुलिल्लाह, आता दर जुम्म्याला पहिला कॉल अम्मींचा. आमचा नंबर नंतर लागतो.